सेलचं अनेकवचन

चि. भाऊजी यांस,

अनेक आशीर्वाद. (नात्याने आणि वयाने मोठी असल्यामुळे ते द्यावे लागतात. मनात आज वेगळंच काहीतरी होतं, पण मी शाळेत मराठी शिकवते. ते लिहायचं म्हटलं तर शुद्ध लिहावं लागेल, आणि शुद्ध लिहिलं की शिवीतली सगळी गंमत जाते.) तिकडे आपण सर्व खुशाल असालच. विचारत नाही, कारण रोज सकाळी आपण किती धावलात ते घामाघूम फोटोसकट साऱ्या नातेवाइकांना कळवता, आणि ज्याला इतकं धावता येतं त्याची प्रकृती विचारणं म्हणजे आगाऊपणा. जाऊबाईंच्या पाठदुखीला उतार पडला का? त्यांच्याविषयी माझ्या मनात काही नाही. पुढे जे येणार आहे ते फक्त तुम्हाला उद्देशून आहे, त्यांना वाचून दाखवलंत तर त्या मधेमधे मान डोलावतील, तिकडे दुर्लक्ष करावं. इकडील सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे. पद्धत चांगली आहे. पत्र लिहिण्यास कारण की, तुम्ही तुमच्या दादांसाठी धाडलेल्या ठोके मोजायच्या घड्याळाने या आठवड्यात माझा जो काही छळ मांडला, तो तुम्हाला कळवण्यास मला अत्यंत संताप होतो.

आधी त्या घड्याळाचा इतिहास सांगते, कारण तुम्ही तो विसरला असाल. तुमच्या दादांच्या हृदयाची झडप नीट मिटत नाही असं निघालं, तेव्हा तुम्ही फोनवर म्हणालात, 'वहिनी, मी येतो.' आणि आलं ते हे घड्याळ. त्याआधी त्यांचे पाय सुजले होते तेव्हाही तुम्ही 'येतो' म्हणाला होतात आणि आलं होतं ते पाय चेपायचं यंत्र. रक्तदाब वाढला तेव्हा रक्तदाबाचं यंत्र आलं, झोप उडाली तेव्हा मधे खड्डा असलेली उशी आली. आमच्या दारात कुरिअरवाला इतक्यांदा उभा राहिलाय की समोरच्या बिऱ्हाडाला वाटतं तोच माझा दीर. (मीही आता तो गैरसमज दूर करत नाही. तो माणूस दरवेळी 'साहेबांना कसं वाटतंय?' असं उंबऱ्यात थांबून विचारतो. तुमच्यापेक्षा त्याचा चेहरा मला जास्त आठवतो.)

घड्याळ तुमचं जुनं. तुम्ही नवीन घेतलंत, त्यात म्हणे झोपेत कूस बदललेलीसुद्धा कळते, म्हणून हे आमच्या वाट्याला आलं. सोबत एक रबरी पट्टा आणि तुमची दोन ओळींची चिठ्ठी: पट्टा ओला करून छातीला बांधावा, घड्याळ मनगटावर लावावं. आम्ही तसं केलं. पट्टा बांधला की घड्याळात आकडा येतो, सोडला की जातो, एवढंच आमचं शास्त्र. पण भाऊजी, खरं ते कबूल करायला हवं (यापुढे बरं असं काही लिहिणार नाही, म्हणून इथेच लिहिते), त्या आकड्याने तुमच्या दादांना घराबाहेर काढलं. छातीत एकदा कळ आल्यापासून ते जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभे राहून खाली असे बघायचे, जणू विहिरीत उतरायचंय. ऑपरेशनच्या आधी पायांत आणि फुप्फुसात दम हवा, रोज चाला, फक्त ठोके एकशे दहाच्या वर जाऊ देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलेलं. पण चालताना ठोके किती झाले हे कळणार कसं, या भीतीने ते चालायचेच नाहीत. माणसाने जन्मभर लोकांच्या जमिनी मोजल्या. जे मोजलं नाही ते त्यांच्या लेखी अस्तित्वातच नाही. घड्याळ आलं आणि ते उठले. एकशे दहाच्या वर गेलं की ते बीप बीप वाजतं, मग बाकावर बसायचं, आकडा उतरला की पुन्हा उठायचं. बागेच्या फाटकापर्यंत, मग तळ्यापर्यंत, मग तळ्याला पूर्ण फेरी. परवा-परवापर्यंत माझ्यापुढे चालायला लागले होते आणि मागे वळून मला 'दम लागला का?' म्हणून विचारण्याइतके उद्धट झाले होते.

आणि मग सोमवारी सकाळी बागेच्या फाटकाशी त्यांनी मनगटाकडे बघितलं, आणि आकड्याच्या जागी दोन आडव्या रेघा. वेळ बरोबर. वार बरोबर. फक्त नवरा नाही.

तुमचे दादा जागच्या जागी बाकावर बसले आणि शांतपणे म्हणाले, ठोके नाहीत. मी म्हटलं, तुम्ही बोलताय त्या अर्थी असतील. तर म्हणाले, बोलणं हा पुरावा नाही. (हा माणूस कोर्टात मोजणीच्या साक्षी देऊन देऊन असा झाला आहे.) मी त्यांची नाडी धरून माझ्या मनगटावरच्या घड्याळात बघत मोजली, ठोके व्यवस्थित लागले, आकडा सांगितला. तो त्यांनी मान्य केला नाही. तू घाबरलेली आहेस, तू आपलेच मोजलेस. तिथून घरी चालत यायला ते तयार होईनात. शेवटी बागेत जोरजोरात हसण्याचा व्यायाम करणारा जो घोळका असतो, त्यातल्या एका गाडीवाल्याने आम्हाला घरी सोडलं. वाटेत तो हसायला लागला की मला कळेना, हा व्यायाम चाललाय की आमच्यावर.

घरी आल्यावर तुम्हाला फोन केला. तुम्ही मीटिंगमध्ये. पुन्हा केला. तुम्ही मीटिंगमध्ये. मी सविस्तर निरोप लिहून पाठवला, त्यात घड्याळाची अवस्था, दादांची अवस्था, माझी अवस्था, सगळं विरामचिन्हांसह. त्यावर तुमचं उत्तर आलं, दोन शब्दांचं: 'सेल बदला.' ना पुढे 'वहिनी', ना मागे 'काळजी करू नका'. हे दोन शब्द लक्षात ठेवा, भाऊजी. आपण त्यांच्याकडे परत येणार आहोत, आणि येऊ तेव्हा माझ्या हातात छडी असेल.

तर मी सेल बदलायला निघाले. तुमचे दादा पट्टा छातीवर तसाच बांधून आरामखुर्चीत बसले. पट्टा काढू देईनात, न जाणो, ठोके परत आले तर. मी घड्याळ रुमालात गुंडाळून पहिल्यांदा आमच्या नेहमीच्या घड्याळजींकडे गेले. त्यांनी ते उलटं केलं, डोळ्याला भिंग लावलं, भिंग काढलं आणि सुतकी चेहऱ्याने मला परत दिलं. हे घड्याळ नाही, म्हणाले. मग काय आहे, असं मी विचारलं, तर त्यांना सांगता येईना, पण हे घड्याळ नाही यावर ते ठाम होते. आतल्या बाजूला कुठेतरी कोणीतरी त्यांचा अपमान केला आहे असं त्यांच्या बोलण्यातून वाटत होतं.

तिथून मोबाईल दुरुस्तीचं दुकान. हे दुकान म्हणजे दोन दुकानांच्या मधली फट आहे. आत एक गृहस्थ बसतात. दोन्ही कानांत वायरी, त्यामुळे त्यांना आपण जे सांगतो ते ऐकू येत नाही आणि ते जे बोलतात ते ओरडून बोलतात. त्यांनी एक स्क्रू काढला, दुसरा काढला, तिसरा काढला, चौथा उडाला. तो शोधायला मी, ते आणि चार्जर घ्यायला आलेली एक बाई अशी तिघं जमिनीवर गुडघे टेकून बसलो होतो. (माझ्या गुडघ्यांबद्दल तुम्ही कधी विचारत नाही हे बरंच आहे, नाहीतर त्यांच्यासाठीही काहीतरी कुरिअरने येईल.) स्क्रू सापडला. जुना सेल निघाला, शर्टाच्या मोठ्या बटणाएवढा चकचकीत. तो त्यांनी माझ्या हातावर ठेवला, गेलेल्या माणसाची अंगठी ठेवतात तसा. नवा बसला. आणि घड्याळ उठलं ते पार वेड्यासारखं. त्याला काहीही आठवेना. नव्या वर्षाचा पहिला दिवस आहे, मध्यरात्र आहे, आणि आपण कोणाच्या मनगटावर आहोत याचा पत्ता नाही. ते वय विचारायला लागलं, वजन विचारायला लागलं, पुरुष की बाई विचारायला लागलं. मी उत्तरं देतेय, पण गृहस्थांच्या कानांत वायरी. त्यांनी जे आधीपासून दिसत होतं त्यालाच हो हो हो करत पुढे ढकललं. तुमचे दादा त्या घड्याळाच्या हिशेबी वीस वर्षांचे झाले.

एवढं होऊनही आकड्याच्या जागी दोन रेघाच. मी ओरडून सांगितलं, याला पट्टा लागतो! त्यांनी मनगटावर बांधायचा पट्टा दोन बोटांत धरून खेचून दाखवला आणि म्हणाले, पट्टा चांगलाय की, मॅडम. मी म्हटलं, तो नव्हे, दुसरा पट्टा. त्यांनी खणातून सहा रंगांचे दुसरे पट्टे काढले. मग मला पटवून द्यायला त्यांनी घड्याळ स्वतःच्या हाताला बांधलं. रेघा. चार्जरवाल्या बाईंच्या हाताला बांधलं. रेघा. माझ्या. रेघा. दुकानातली आम्ही सगळी माणसं, यंत्राच्या मते, गेलेली होतो आणि व्यवहार सुरळीत चालू होता. बाई मात्र चार्जर न घेता लगबगीने निघून गेल्या.

मंगळवारी मी रजा टाकून त्या घड्याळाच्या कंपनीच्या सेवाकेंद्रात गेले. तिथे सगळं काचेचं, आणि इतकं थंड की घड्याळं ताजी राहावीत म्हणून फळांसारखी ठेवली असावीत. नंबर घ्या, बसा. बसले. नंबर आला. समोरच्या बाईंनी घड्याळ उघडलं, सेल कशात तरी घालून तपासला आणि सेल उत्तम असल्याचं सांगितलं. मग ठोके का येत नाहीत, या प्रश्नावर त्यांनी मॉडेलचा नंबर वाचला आणि त्यांच्या चेहऱ्यावर एकदम करुणा आली. हे फार जुनं आहे, आम्ही आता याला सपोर्ट देत नाही, हल्ली असं कोणी वापरत नाही, नवीन घेऊन टाका. मी म्हटलं, बाई, माझा नवराही त्याच सुमाराचा आहे. त्या हसल्या नाहीत. त्यांनी मला एक छापील पत्रक दिलं, त्यावर एक तरुण डोंगराच्या टोकावर उभा राहून मनगटाकडे बघत होता. मी छातीच्या पट्ट्याबद्दल विचारणार होते, पण 'पट्टा' हा शब्द तोंडातून निघाला मात्र, त्यांनी रंगांचा तक्ता पुढे केला.

घरी आले तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेलेली. सेल नवा, सेल उत्तम, घड्याळ चालू, नवरा जिवंत, आणि तरीही दोन रेघा. तुमचे दादा खुर्चीत तसेच. दोन दिवसांत ते दारापर्यंतही गेले नव्हते. पाय पुन्हा सुजले होते. काय म्हणाले सांगू? ऑपरेशनचं पुढे बघू म्हणाले, तारीख पुढे ढकलता येते का ते विचार, आकडा दिसत नाही तोवर उगाच धोका कशाला. हे ऐकल्यावर, भाऊजी, माझे कोणी ठोके मोजले असते तर घड्याळाची काच गेली असती. कारण ही तारीख मिळावी म्हणून त्या दवाखान्याच्या बाकांवर मी किती बसले आहे ते त्या बाकांना माहीत आहे, आणि डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्वच्छ सांगितलंय की झडप वाट बघत नाही. मी पर्स खाली ठेवली. त्यांच्या अंगावरचा तो पट्टा सोडला, न्हाणीघरात नेला आणि धुतला. धुतला म्हणजे, त्यात जे जे माझ्या डोक्यात होतं ते सगळं ओतून पिळला. तुम्हाला पिळता येत नाही म्हणून पट्टा पिळला, असं म्हणा. पट्ट्याच्या मध्यावर जो चपटा गड्डा आहे, तो कट्‌ करून फिरला, त्याचं झाकण निघालं आणि आतून शर्टाच्या मोठ्या बटणाएवढं काहीतरी टणकन मोरीत पडलं.

सेल.

भाऊजी, पट्ट्यातही सेल असतो.

मी ओल्या फरशीवर बसले आणि तुमचा निरोप पुन्हा वाचला. 'सेल बदला.' गेली कित्येक वर्षं मी पोरांना घसा फोडून सांगत आले आहे की अकारान्त पुल्लिंगी नामं अनेकवचनात बदलत नाहीत. एक देव, अनेक देव. एक दगड, अनेक दगड. (उदाहरणं मुद्दाम या क्रमाने दिली आहेत.) एक सेल, दोन सेल. तुम्ही लिहिलंत ते अनेकवचन होतं, मी वाचलं ते एकवचन. त्याच्या अलीकडे 'दोन्ही' एवढा एक शब्द लिहायला तुम्हाला किती वेळ लागला असता? मीटिंग बुडाली असती? 'बदला' तरी कशाला लिहिलंत? आता मी त्या शब्दाचा दुसरा अर्थ घेऊन बसले आहे. आणि जाता जाता सांगते, अनेकवचनात न बदलणाऱ्या पुल्लिंगी नामांची यादी माझ्याकडे मोठी आहे, पण कुठल्याच वचनात न बदलणारी दोनच माहीत आहेत. एक माझ्या घरात आरामखुर्चीत आहे, आणि दुसरं रोज सकाळी धावतं.

दुकानात घड्याळातून काढलेला जुना सेल माझ्या पर्समध्ये होता. मेला म्हणून ज्याला मी वाटेत मनातल्या मनात नाही नाही ते बोलले, तो बिचारा ठणठणीत. तोच पट्ट्यात बसवला, झाकण फिरवलं, पट्टा तुमच्या दादांच्या छातीला बांधला. (गार लागला म्हणून ओरडले. दोन दिवसांतला पहिला जिवंत आवाज.) घड्याळात रेघा थरथरल्या आणि आकडा आला. ब्याऐंशी. त्यांनी तो मला दाखवला, मग स्वतः बघितला, मग पुन्हा मला दाखवला, जसं काही हृदय मी नव्हे तर त्यांनीच दुरुस्त केलं. मग मी चष्मा लावून एकेक बटण दाबत त्यांचं खरं वय त्या घड्याळाला समजावून सांगितलं आणि एकशे दहाची वेसण पुन्हा घातली. संध्याकाळी चालायला जायचं ठरलं. चपला घालून दारात उभे राहिले.

आणि तेवढ्यात तुमचा फोन आला.

आता मी जे सांगते ते नीट वाचा, कारण हे तुम्हाला फोनवर दिसत नव्हतं आणि मला दिसत होतं. फोनवर तुमचं नाव आलं तेव्हा आकडा ब्याऐंशी होता. उचलला तेव्हा ब्याण्णव. तुम्ही विचारलंत, दादा, कसा आहेस, तर हे म्हणाले, एकदम मजेत. शंभर. तुम्ही म्हणालात, ऑपरेशनच्या वेळी येतो, बघतो कसं जमतंय ते. तर हे हसले. हसत हसत, उगाच खुंटीवरची छत्री सरळ करत म्हणाले, "काही येऊबिऊ नकोस रे. तुझी कामं कर. इथे तुझ्यावाचून काय अडलंय?"

घड्याळ वाजायला लागलं. बीप, बीप, बीप. तुम्ही विचारलंत म्हणे, हा कसला आवाज? तर यांनी सांगितलं, काही नाही, कुकर असेल. भाऊजी, तुमच्या मेंदूत एवढंही येऊ नये? कुकर असा वाजतो का? ते घड्याळ तुम्ही स्वतः वर्षानुवर्षं मनगटावर बांधून गावभर धावला आहात. तुम्हाला तो आवाज ओळखू आला नाही? की आला आणि तुम्ही मीटिंगमध्ये होतात?

फोन ठेवल्यावर ते दारातच स्टुलावर बसले. आकडा उतरेपर्यंत मी त्यांच्या मनगटाकडे बघत उभी राहिले. मग उठले आणि चालायला गेलो. तळ्यापर्यंतच.

बाकी विशेष काही नाही. राग फार काढला असेन तर मन मोठं करून घ्यावा, लहान करून घेतलात तर त्यात मावणार नाही. जाऊबाईंना नमस्कार, मुलीला आशीर्वाद. हे पत्र कुरिअरनेच धाडते आहे, कारण त्याच वाटेने पोचणाऱ्या गोष्टींवर तुमचा विश्वास आहे.

आपली,
वहिनी

ता. क. पट्ट्यातला जुना सेल किती दिवस तग धरेल सांगता येत नाही. तेव्हा नवे सेल लागतील. दोन. अंकात 2, अक्षरी दोन. ते कुरिअरने पाठवू नयेत. कुरिअरवाल्याला मी सांगून ठेवलं आहे की तुमच्या पत्त्यावरून काही आलं तर आल्या पावली परत न्यावं, आणि तो हो म्हणाला आहे. त्याच्या शब्दावर मी विसंबू शकते.

ता. क. २. ऑपरेशन पुढच्या मंगळवारी सकाळी आहे, तारीख मी ढकलू दिलेली नाही. म्हणून सोमवारपर्यंत 'या' असं लिहिते आहे. आता हे 'या' आदरार्थी समजून एकट्याने यायचं की अनेकवचनी समजून सगळ्यांनी, असा प्रश्न विचारून वेळ काढू नका. जो अर्थ लवकर पोचेल तो घ्या. वचन हा शब्द व्याकरणाबाहेरही वापरतात, आणि 'येतो' हे तुम्ही आजवर मला त्याच अर्थाने दिलंय.

ता. क. ३. पाकीट बंद करायच्या आत तुमच्या दादांनी हे पत्र माझ्या हातातून घेऊन वाचलं. सगळं वाचलं, चष्मा काढला आणि मला म्हणाले, उगाच कशाला बोलावतेस त्याला, कामात असेल, मला काही फरक पडत नाही. हे म्हणताना मनगट त्यांनी पाठीमागे धरलं होतं. मी आकडा बघू शकले नाही. पण पाठीमागे कुकर वाजत होता.